अर्धे यंत्र

गोंदियाहून बालाघाटला जाणारा रस्ता बाघ नदी ओलांडून जेथे महाराष्ट्राची हद्द सोडतो, तेथे राजेगाव आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूरचा अंमल सुटला. परंतु बोली, सोयरीक आणि बाजारहाट यांची वाटणी करणे कोणत्याही दफ्तराला साधले नाही, आणि १९९० नंतरच्या दशकात जो ‘टीव्ही गेम’ या टापूतील मुलांच्या हाती आला, त्याला तर कोणत्याच हद्दीची मातब्बरी नव्हती.

दिवाळीपूर्वी माळा झाडताना जुन्या पेटीतून या टीव्ही गेमचा जो पिवळट पडलेला डबा, दोन रिमोट आणि एक पिस्तूल बाहेर निघते, त्याचा मूळपुरुष म्हणजे निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस काढलेला फॅमिकॉम होय. मासायुकी उएमुरा यांनी सिद्ध केलेल्या त्या मूळ यंत्राचे दर्शन आपल्याकडे फारच थोड्यांना घडले असेल. आपल्या वाट्याला आली ती समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची त्याची भावंडे आणि असंख्य बेनामी नकला, ज्यांत पुढेपुढे अनेक चिपांचे काम एकाच चिपेवर सोपवून वर काळ्या राळेचा गोळा थापलेला असे. संग्राहक या नकलांना हलके लेखतात, तो न्याय मला मान्य नाही. ‘९९९९९९९ इन १’ असे दरबारी भाटालाही लाजविणारे बिरुद मिरविणाऱ्या आणि प्रत्यक्षात तेच पाचदहा खेळ फिरूनफिरून दाखविणाऱ्या कॅसेटीवरच ज्यांचे बाल्य पोसले, त्यांच्या लेखी तीच अस्सल.

या यंत्राची कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट. प्रस्तुत लेखही तीत मावणार नाही. खेळ जेथवर आला तेथवर जपून ठेवण्याची सोय बहुतेक कॅसेटींत नव्हती, आणि २००३ च्या निवडणुकीत वीज हा ज्या मध्य प्रदेशात कळीचा मुद्दा ठरला, तेथे मारिओ शेवटच्या किल्ल्याशी पोहोचला असताना दिवे गेले म्हणजे सारी मिळकत जप्त होऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागे. कॅसेट चालेना तर तीत फुंकर मारीत. वस्तुतः गुण येई तो ती काढून पुन्हा बसविल्याने, आणि फुंकरीतील ओलाव्याने पिना मात्र गंजत.

सर्वांत विलक्षण होते ते पिस्तूल. त्यातून काहीच सुटत नसे. ते केवळ पाहत असे. ‘डक हंट’ या बदकांच्या शिकारीच्या खेळात चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि नळीतील प्रकाशग्राहीला तो उजेड त्याच नेमक्या क्षणी दिसला तरच नेम लागल्याची नोंद होई. जुन्या टीव्हीच्या चित्रनळीत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला सुमारे पंधरा हजार ओळी आखीत असे, आणि पिस्तुलातील मंडल त्याच लयीला जुळविलेले होते. आजच्या सपाट टीव्हीत ती लय नाही. शिवाय चित्र उमटण्यास किंचित विलंब होतो, आणि तेवढ्यात साक्ष घेण्याची मुदत टळून जाते.

म्हणजे माळ्यावर आपण जपले ते अर्धेच यंत्र. उरलेले अर्धे, ज्याच्या अँटेनाच्या वायरीत हा डबा जोडून, बटण हळूहळू फिरवून मुंग्यांमधून चित्र शोधून काढावे लागे, ते अवजड धूड जागा अडवते या सबबीवर आपण केव्हाच भंगारवाल्याच्या तराजूत घातले, आणि त्या वेळी पिस्तुलाचा विचार कोणाच्याही मनाला शिवला नाही. पिवळी तार ओढून ‘कॉन्ट्रा’ आजही नव्या पडद्यावर खुशाल खेळता येतो, दोन भावंडांना मिळून. बदके मात्र एकही गोळी न लागता उडून जातात, आणि गवतातून वर येणारा तो कुत्रा दर वेळी खिदळतो.