आधी सौना, मग घर

फिनलंडमध्ये तळ्याकाठी उन्हाळी घर बांधायचं ठरलं की अनेकदा पहिली उभी राहते ती सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची लाकडी खोली. एखाद-दोन उन्हाळे कुटुंब तिच्याच पुढच्या खोलीत पथारी पसरतं. मुख्य घर सवडीनं होतं. मी वास्तुरचना शिकले ती दिवाणखान्यापासून आराखडा मांडत. त्यामुळे हा क्रम मला फार आवडतो.

या घराला तिकडे 'मोक्की' म्हणतात. देशाची वस्ती सुमारे 55 लाख आणि अशी घरं जवळपास 5 लाख! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ही चैन धनिकांचीच होती. आगगाडी आणि आगबोटी आल्या, तशी शहरातली बडी कुटुंबं नोकरचाकरांसह नक्षीदार लाकडी बंगल्यांत उन्हाळाभर मुक्कामाला जाऊ लागली. 1939 च्या कायद्यानं कामगारांना भरपगारी वार्षिक रजा मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शेती सोडून लोक शहरातल्या फ्लॅटमध्ये आले. तळ्याकाठची खडकाळ जमीन पिकाला निरुपयोगी, म्हणून स्वस्त. कुणाच्या वाट्याला ती वडिलार्जित आली. कोकणातल्या चाकरमान्याला सणाला जायला गावचं घर असतं. फिनलंडमधल्या अनेकांनी ते नव्यानं बांधलं, आणि तेही मुद्दाम जुन्या गैरसोयींसकट: वीज नाही, पाणी बादलीनं आणायचं, संडास अंगणापलीकडे.

आल्वार आल्टोसारखा जगप्रसिद्ध वास्तुरचनाकारही या ओढीतून सुटला नाही. पाइयान्ने तळ्यातल्या मुरात्सालो बेटावर त्यानं 1952 ते 1954 दरम्यान स्वतःचं उन्हाळी घर बांधलं. चौकाच्या भिंतींचे त्यानं जवळपास पन्नास तुकडे पाडले आणि प्रत्येकात विटा, टाइल्स निराळ्या पद्धतीनं बसवल्या. कुठली वीट थंडीत टिकते, कुठली जोडणी डोळ्यांना बरी दिसते, हे सुट्टीत बसल्या बसल्या पाहायचं. चौकाच्या मधोमध शेकोटीचा खड्डा. सौना अर्थातच वेगळी, खाली पाण्याजवळ, धुराची. मला विचाराल तर त्याच्या मोठमोठ्या इमारतींपेक्षा हा चौक अधिक मोकळेपणानं बोलतो.

आता अनेक मोक्कींत वीज, फ्रीज, भांडी धुण्याचं यंत्रही आलंय. किनाऱ्यावर बांधकामाचे नियम कडक झालेत, त्यामुळे जुन्या घरांचा भाव वधारलाय. वडिलांमागे घर भावंडांच्या सामायिक मालकीचं होतं. मग छप्पर कोणी दुरुस्त करायचं आणि जूनअखेरच्या युहान्नुस सणाला किल्ली कोणाकडे, यावर घरोघरी वाटाघाटी चालतात.