दारू, यकृत आणि ताटातली डाळ

श्रोतेहो, दारूने यकृत बिघडते, हे खेडोपाडी सर्वांना ठाऊक आहे. पण बिघडते म्हणजे नेमके काय होते? आज आपण एवढेच पाहू, की वर्षानुवर्षे पिणाऱ्या माणसाच्या यकृतात त्याने खाल्लेल्या डाळीचे, दुधाचे, अंड्याचे काय होते.

या पदार्थांत प्रथिने असतात. पचन होताना त्यांचे बारीक घटक सुटे होतात, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. ती मुख्यतः वीस. मुळाक्षरांतून जसे हजारो शब्द बनतात, तशी या विसांतून शरीर आपली प्रथिने घडवते. आतड्यातून ती प्रथम यकृतात येतात. उजव्या बरगड्यांखालचा हा सुमारे दीड किलोचा अवयव काहींपासून रक्तातील अल्ब्युमिन बनवतो आणि जास्तीची मोडतो. मोडताना अमोनिया सुटतो. गोठ्यात मूत्र साचले की नाकाला झोंबतो ना, तोच! मेंदूला तो घातक. म्हणून यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे जातो. आपण पिकाला घालतो तेच हे द्रव्य. या क्रियेच्या पायऱ्या क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी जर्मनीत १९३२ साली उलगडल्या.

आता यात दारू आली. शरीराला ती साठवता येत नाही, तेव्हा यकृताला हातचे काम मागे ठेवून आधी तिचा निकाल लावावा लागतो. त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे जहाल द्रव्य तयार होते. ते यकृतातील प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडवते. मेथिओनिन या अमिनो आम्लाचे पुढचे रूपांतर मंदावते आणि ग्लुटाथायोन हे यकृताचे रक्षण करणारे द्रव्य कमी पडते. राखणदारच गेला, मग शेताचे काय? पेशी मरतात आणि त्यांच्या जागी निबर वण धरतात.

असे यकृत पुरेसा युरिया करू शकत नाही. अमोनिया रक्तात साचून मेंदूपर्यंत जातो. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात फडफडतात, असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. बाधा नव्हे, हा यकृताचा विकार आहे. अशा वेळी देवऋष्याकडे न जाता तडक दवाखाना गाठावा.

अमोनियाचा काही भार मग स्नायू उचलतात. त्यात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले खर्ची पडतात. दंड-मांड्या झडतात त्याचे हे एक कारण.

पूर्वी अशा रोग्याची डाळ, दूध बंद करीत. २००४ साली स्पेनमधील डॉक्टरांनी ताळा घेतला, तेव्हा प्रथिने तोडून काही लाभ दिसला नाही, उलट शरीरातील प्रथिनेच जास्त झिजली. आज वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. डाळ आणि दूध-दही अशा रोग्याला बहुधा चांगले मानवते. रात्री निजण्यापूर्वी थोडे खावे, उपास करू नये. नेमके पथ्य मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तेव्हा मंडळी, बंद करायची ती दारू, डाळ नव्हे. यकृतावर नुसती चरबी चढली असेल, तर दारू सोडल्यावर ते पुष्कळदा सावरते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. गुरुजींनी एवढे वर्गात सांगितले, तर ते मुलांच्या तोंडून घरोघर पोचेल.