पिवळ्या रंगाखालचे पोलाद

समुद्राकाठी राहणाऱ्याला गंज शिकवावा लागत नाही. खिडकीचे गज तो शिकवतात. मग भर समुद्रात पंचवीस वर्षे उभ्या राहायच्या पवनचक्कीचा खांब टिकतो कसा?

समुद्रातल्या ११ पवनचक्क्यांचा पहिला समूह डेन्मार्कमध्ये व्हिंडेबीजवळ १९९१ साली उभा राहिला आणि २०१७ मध्ये उतरवला गेला. अशा चक्कीचा पोलादी खांब सगळीकडे सारखा गंजत नाही. गंजाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मीठ त्याचा वेग वाढवते. खोल पाण्यात प्राणवायू कमी असतो. पण लाटा जिथे सतत भिजवतात आणि वारा वाळवतो, त्या पट्ट्यात दोन्ही मुबलक. सर्वांत वाईट गंज तिथेच.

म्हणून पोलादावर आधी कठीण खड्यांचा मारा करून ते लख्ख करतात. वरच्या मनोऱ्यावर पहिला थर जस्तमिश्रित इपॉक्सीचा. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते. त्यावर पाणी अडवणारे इपॉक्सी. पण उन्हात इपॉक्सी भुकटते, म्हणून शेवटचा थर पॉलियुरेथेनचा. लाटांच्या पट्ट्यात इपॉक्सीचे थर जाड देतात. तिथला पिवळा रंग मात्र जहाजांना दिसावा यासाठी.

पाण्याखाली अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडतात. पोलादाऐवजी ते झिजतात. ही कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्त आणि लोखंड जोडले. तांबे वाचले, पण झिजणारे तांबेच शेवाळ आणि शिंपल्यांना दूर ठेवत होते. ती झीज थांबताच जहाजांचे तळ शिंपल्यांनी भरून गेले. एक रोग बरा करताना दुसरा जडला.

आजही रंग फसतो तो मोठ्या पृष्ठभागावर कमी, कडांवर अधिक. ओला रंग तीक्ष्ण कडेवरून मागे सरतो आणि थर तिथेच पातळ पडतो. म्हणून कडा गोल करून घेतात, आणि कडा व जोड यांच्यावर माणूस ब्रशने आणखी एक हात देतो. हा हात चुकला, तर पुढची दुरुस्ती दोरावर लटकून करायची: मीठ धुवायचे, पृष्ठभाग वाळवायचा, आणि रंग घट्ट होईपर्यंत लाट येऊ नये अशी आशा करायची. समुद्रातल्या खांबाचे आयुष्य बऱ्याच अंशी जमिनीवरच्या शेडमध्ये ठरते ते असे.