पुराणकथांच्या साह्याने इंग्रजी शब्दसंग्रह

इंग्रजी शब्दांची नुसती घोकंपट्टी करून घेतल्यास ते मुलांच्या स्मरणात फार काळ राहत नाहीत. शब्दाबरोबर त्याची कथा सांगितली, तर अर्थही मनावर ठसतो. इंग्रजीतील अनेक शब्द ग्रीक व रोमन पुराणकथांतून आलेले आहेत.

मढसारख्या डोंगरी गावी आरंभ परिसरापासूनच करावा. कड्यासमोर हाक दिली की प्रतिध्वनी उमटतो. त्यास इंग्रजीत ‘एको’ म्हणतात. दुसऱ्याचे अखेरचे शब्द तेवढेच उच्चारण्याचा शाप मिळालेल्या ग्रीक वनदेवतेचे हे नाव. येथे ‘सी’ व ‘एच’ या अक्षरांचा उच्चार ‘क’ होतो. ‘स्कूल’ या शब्दातही तसेच आहे, कारण दोन्ही शब्द मूळचे ग्रीक. सह्याद्रीचा काळा खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. ‘व्होल्केनो’ हा शब्द रोमनांचा अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून आला. तृणधान्यवाचक ‘सीरियल’ शब्दात धान्यदेवता सेरेस आहे. ‘सॅटर्डे’त सॅटर्न, म्हणजे आपला शनी आहे.

या कथा परक्या मानण्याचे कारण नाही. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि ‘यवन’ हा शब्द मुळात ग्रीकांसाठीच योजला जात असे.

आठवड्यास एकच कथा मराठीतून थोडक्यात सांगावी. शब्द फळ्यावर लिहून मुलांकडून सोपे वाक्य करवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी कथा मुलांच्याच तोंडून ऐकावी. तीवर गुण मात्र ठेवू नयेत. भीती गेली की भाषा येते.