सौम्य म्हणजे मुका नव्हे

घरात छळ होतो, नोकरीवर अन्याय होतो, मंडळीत कुणी तुटेपर्यंत ताणतं, आणि तक्रार घेऊन गेलं की सल्ला ठरलेला: आपण ख्रिस्ती, आपण सौम्य राहावं, सोडून द्यावं. सल्ला देणाऱ्याचा हेतू बरेचदा चांगलाच असतो. पण बायबल जिला सौम्यता म्हणतं ती ही नव्हे, आणि या गैरसमजापायी फार जणांनी फार सोसलं आहे.

सौम्यता जन्मजात असते, शांत स्वभावाच्या माणसालाच ती जमते, असं अनेकांना वाटतं. मोशेकडे पाहा. गणना या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात त्याला पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटलं आहे. याच मोशेनं पूर्वी एका मिसरी माणसाला ठार मारलं होतं. सोन्याचं वासरू पाहून हातातल्या दगडी पाट्या आपटून फोडल्या होत्या. त्याची नम्रता उघड झाली ती घरच्या भांडणात. बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्या बायकोवरून आणि अधिकारावरून त्याच्याविरुद्ध बोलू लागले. स्वतःच्या बचावासाठी मोशेनं तोंड उघडल्याचं तिथं लिहिलेलं नाही. मिर्यामेच्या अंगावर कोड उठलं तेव्हा मात्र तो बोलला: तिला बरं कर, असा त्यानं देवाचा धावा केला.

म्हणजे ज्याला राग येतच नाही तो सौम्य, हेही खरं नाही. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी सौम्यतेचं काम रागाला आवर घालणं असं सांगितलं. राग मारून टाकणं नव्हे. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवणारा येशू स्वतःला सौम्य म्हणवतो, त्यात मला तरी विसंगती दिसत नाही.

सगळ्यांत घातक समज म्हणजे अन्यायाविरुद्ध बोलणं सौम्यतेत बसत नाही. दुसरा गाल पुढे करायला शिकवणाऱ्या येशूला माजी महायाजक हन्नाच्या चौकशीत एका शिपायानं चपराक मारली. येशूनं उलट हात उचलला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. पण गप्पही बसला नाही. माझं काय चुकलं ते दाखव, चुकलं नसेल तर मारलंस का, असं त्यानं त्या माणसालाच विचारलं. फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. रात्री भूकंपानं दारं उघडली, कैदी पळाले असं समजून घाबरलेला तुरुंगाधिकारी जीव द्यायला निघाला, तेव्हा पौलानं त्याला हाक मारून वाचवलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जायचा निरोप धाडला. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले.

सौम्य राहून अन्यायाविरुद्ध बोलणं महाराष्ट्राला नवं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या सिस्टरांना पत्रं लिहिताना विवेकाला न पटलेलं काही मान्य केलं नाही. १८९७मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत बायकांची होणारी हेळसांड त्यांनी वर्तमानपत्रात उघड मांडली, तीही राज्यकर्ते ख्रिस्ती असताना. त्याच सुमारास दुष्काळातल्या निराधार मुलींना त्या आसरा देत होत्या.

आणि सौम्यता मागायची कुणाकडे? सुनेकडे, हाताखालच्या माणसाकडे, मंडळीतल्या गरिबाकडे, अशी आपली रीत. नवा करार मात्र ती चुकलेल्याला सावरणाऱ्याकडे मागतो (गलतीकरांस पत्र, अध्याय ६) आणि विरोधकाला शिकवणाऱ्याकडेही (तीमथ्याला दुसरं पत्र, अध्याय २). छळाची तक्रार घेऊन बाई पाळकाकडे येते, तेव्हा सौम्य व्हायची पाळी पाळकाची असते: तिचं म्हणणं मधेच न तोडता ऐकायचं, मग नवऱ्याला बोलावून जाब विचारायचा, आणि जिवाला धोका असेल तर तिला पोलिसांपर्यंत सोबत करायची.