गाडीच्या टपावरची सविता

दौंड जंक्शनच्या पादचारी पुलावर उभं राहून खालून सुटणारी मालगाडी एकदा नीट बघा. आधी कपलिंगचा खडखडाट डब्याडब्यांतून मागे पळत जातो, मग अख्खी गाडी हिसका देऊन हलते. आता तिच्या टपावर एक बाई गुंडाशी झुंजतेय अशी कल्पना करा. पायाखाली पत्रा हलतोय, समोरून वारा अंगावर येतोय, आणि ती गड्याला धरून हाणतेय!

1936 सालच्या ‘मिस फ्रंटियर मेल’ या चित्रपटात हे प्रेक्षकांनी पाहिलं. वडिलांवर खुनाचा आळ आलेली सविता झाली होती नादिया. जन्म 1908चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. खरं नाव मेरी इव्हान्स. घोडेस्वारी अंगात मुरलेली, सर्कशीचा अनुभव गाठीशी. जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी तिला 1935 साली ‘हंटरवाली’ केलं, आणि डुप्लिकेट न घेता स्वतः स्टंट करणारी नायिका मुंबईला मिळाली. वाडिया मूव्हिटोनचा परळचा स्टुडिओ तुम्हाला ठाऊक असणार, फक्त दुसऱ्या नावाने: 1942 साली तिथेच शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं.

मला थक्क करते ती आणखी एक मुलगी. ‘हंटरवाली’च्या सहा वर्षं आधी, 1929 साली, शांघायच्या मूकपटात ती आली. चित्रपट ‘होंग शिया’, म्हणजे लाल वीरांगना; दिग्दर्शक वन यीमिन, नायिका फान श्वेपंग. लुटारू गावावर तुटून पडतात, आजी जिवानिशी जाते, नातीला पळवून नेतात. एक साधू तिला सोडवतो, विद्या शिकवतो, आणि ती सूड घ्यायला परतते. इकडे हंटरवालीही अन्यायी प्रधानावर हंटर उगारणारी राजकन्याच!

पण एक फरक फार सुंदर आहे. शांघायची नायिका आभाळातून उडते, धुराच्या लोटात प्रकटते आणि त्यातच नाहीशी होते. तिच्या देहाला जणू वजनच नाही. नादियाची सगळी गंमत वजनात. ती धिप्पाड गड्याला डोक्यावर उचलते, त्याचे पाय हवेत झाडले जातात, आणि तिच्या खांद्यांवर आलेला भार आपल्याला बसल्या जागी जाणवतो.

1931 साली चीनच्या सरकारने असल्या उडत्या वीरांच्या चित्रपटांवर बंदी घातली. ‘होंग शिया’ ही खरं तर 13 भागांची मालिका होती. आज हाती आहे तो एकटा सहावा.