काठावरचा वंचक

कंबर तलावाच्या काठाने चालताना पायाजवळ मातीचे ढेकूळ दिसते. आणखी दोन पावले टाकली की तेच ढेकूळ पांढरेशुभ्र पंख उघडून, घोगरे ओरडत उडून जाते. हा वंचक. कुणी त्याला भुरा बगळा म्हणते, कुणी ढोकरी.

त्याची पाठ मातकट, मानेवर आणि छातीवर उभ्या रेघा. पांढरे पंख बसल्यावर पाठीच्या पिसांखाली झाकले जातात. त्यात तो हलत नाही, माणूस अगदी जवळ येईपर्यंत उडत नाही. म्हणून हिंदीत तो 'अंधा बगुला' झाला आणि श्रीलंकेत सिंहली लोकांनीही त्याला आंधळाच ठरवले. बिचाऱ्याची नजर मात्र अशी, की पाण्यातला मासा त्याच्या चोचीतून क्वचितच सुटावा!

विज्ञानाला त्याची ओळख आपल्याच दख्खनमधून झाली. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली, तीत तो पहिल्यांदा नोंदला गेला. 'आर्डिओला ग्रेयी' या शास्त्रीय नावातला ग्रे म्हणजे ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे.

वंचक आजही संख्येने भरपूर आहे. पण त्याचे पाय आखूड, त्यामुळे शिकारीला घोटाभर पाण्याचा उथळ काठ लागतो. उजनीचे पाणी उन्हाळ्यात ओसरते, ओला गाळ उघडा पडतो, तेव्हा त्याची चंगळ असते. शहरातल्या तलावाला उभी दगडी भिंत घातली, की पाणी काठापासूनच खोल होते आणि त्याला उभे राहायला जागा उरत नाही. जलपर्णीवर उभा राहून तो मासे टिपतो खरा. पण ती दाट झाली, की खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासेच मरतात.

पावसाळ्यात त्याची पाठ गर्द तांबूस होते. चिंचेवर, वडावर वसाहत करून मादी ३ ते ५ निळसर हिरवी अंडी घालते. खालच्या विष्ठेची दुर्गंधी येते, तक्रारी होतात, फांद्या छाटल्या जातात. तक्रार खोटी नसते, वेळ चुकते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अंडी किंवा घरटी नष्ट करणे गुन्हा आहे. पिल्ले साधारण सप्टेंबरअखेर उडून जातात. छाटणी त्यानंतर, घरटी रिकामी असल्याची खात्री करूनच करावी.